सोन्यासारखा टोप

पनवेलच्या बाजारात कासाराच्या दुकानासमोर उभी राहिली तेव्हाच गोदू धास्तावली होती. सासू चंद्रावती तिला म्हणाली होती, "तूच निवड टोप. रांधनार तू, घासनार तू. निवड." आता लग्न होऊन वर्षही न झालेल्या सुनेला सासूनं असं म्हटलं की त्याचा अर्थ काय होतो हे कुणी सांगायला नको. निवड चुकली की ती जन्मभर ऐकायची.

टोप हवा होता वेणूसाठी. वेणू म्हणजे गोदूची नणंद, तिच्या नवऱ्याची, भगवानची थोरली बहीण. ती सातव्या महिन्यात ओटी भरायला आणि मग बाळंतपणाला म्हणून माहेरी रोडपालीला आली होती. आधीचं एक सातव्यातच गेलं होतं तिचं. त्यामुळे घरात सगळे जण पाय न वाजवता चालत होते म्हणा ना. वेणूला काय हवं, काय नको, कुणाची सावली पडली, कुणी दारातून टोकलं, सगळ्याचा हिशेब चंद्रावती ठेवायची. ओटीच्या दिवशीचं रांधणं नव्या, भरभक्कम भांड्यात व्हायचं आणि तेच भांडं पुढे बाळंतिणीच्या पेजेला लावायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

घरात भांडी होती ती दोन तऱ्हेची. एक जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा टोप. हलका, स्वस्त, आणि मिठागरावरच्या घरात तो टिकणार कसा? खारं पाणी, आंबट कालवण, बुडाला बारीक बारीक भोकं पडून चुलीत धार लागायची. "जर्मन म्हंजे जेलातली भांडी," असं चंद्रावती म्हणायची आणि नाक मुरडायची. दुसरं होतं मातीचं मडकं, गोदूनं माहेरून आणलेलं. चिरनेरच्या रानाकडेला तिचं घर. तिथं सगळा संसार मडक्यांचा. त्या मडक्यावरून सासूनं किती टोमणे मारले असतील! "मडकं काय, आज हाय, उद्या खापऱ्या." गोदू ऐकून घ्यायची. करते काय बापडी!

कासारानं टोप दाखवले. नवे होते ते चकचकीत, पण पत्र्याला दम नव्हता. मग त्यानं आतून एक जुना काढला, मोडीत आलेला, जाडजूड पितळेचा. टिचकी मारली तर घंटेसारखा वाजला. गोदूला तो उचलताना दोन्ही हात लावावे लागले आणि तिथंच तिचं मन बसलं. "आय, हा बरा," ती हळूच म्हणाली. चंद्रावतीनं तिच्याकडे पाहिलं, टोपाकडे पाहिलं आणि मान डोलावली. "अक्कल हाय तुना. नातवंडांचं लग्न बगील हा टोप." गोदूला ते कौतुक गुळासारखं लागलं. सासू आणि कासार टोपाच्या आतल्या बाजूबद्दल काहीतरी बोलत होते, पण ती इकडे टोप उन्हात धरून बुडाला भोक आहे का ते बघत होती. काही ऐकलं नाही तिनं. नेमकं तेच ऐकायला हवं होतं.

घरी आल्यावर तिची झोप उडाली. का? तर तिच्या बापानं एकदा उरणच्या बाजारातून एक तांब्या आणला होता. आतून कसलासा पांढरा मुलामा. महिन्याभरात तो मुलामा गेला आणि खालून भोक निघालं. दुकानदारानं राळ भरून वर पांढरं फासलेलं. सगळा गाव बापाला हसला होता. तेव्हापासून गोदूच्या घरी एकच धडा होता, वरचा रंग बघू नये, खालचा धातू बघावा.

आणि हा टोपही आतून पांढराच की! मध्ये मध्ये काळपट डाग. बाहेरून पिवळा आणि आतून पांढरा, असं कसं? खाली काय लपवलंय मेल्यानं? ओटीच्या दिवशी भर बायकांत टोप गळला तर? "गोदूनं निवडला," असं सासू सांगेल. सगळ्या आळीत होईल.

ओटीच्या आदल्या दिवशी चंद्रावती म्हणाली, "टोप घासून ठेव. सोन्यासारका दिसला पायजे."

झालं. गोदू टोप घेऊन विहिरीवर बसली. चिंचेचा कोळ, विटेचा चुरा, मिठागरातलं जाडं मीठ. आधी बाहेरून घासला. मग आतून घासायला घेतला आणि घासतच राहिली. बोटांची सालटी निघाली तरी सोडेना. पांढरं हळूहळू उतरलं, काळे डाग गेले, खालून पिवळं वर आलं. भोक नाही, चीर नाही, राळ नाही. आतबाहेर एकसारखं पितळ! बाईच्या जिवात जीव आला. तिनं टोप धुतला, अंगणात पालथा घातला. चंद्रावतीनं येता-जाता पाहिलं आणि म्हणाली, "हाँ, आता दिसतो सोन्यासारका." गोदू त्या दिवशी गाढ झोपली.

वेणूला डोहाळे आंबटाचे. निवट्यांचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांचं आंबट म्हटलं की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. खाडीतून निवटे आले, भरपूर चिंच कोळली, वर चार आमसुलं टाकली. चंद्रावतीनं बजावलं होतं, "पाटंच करून ठेव टोपात. दुपारपर्यंत मुरलं की बरं लागतं." आणि दुसरं बजावलं ते असं की, ओटीच्या बाईचं रांधलेलं कुणी चाखायचं नाही. पहिला घास तिचा. त्यांच्याकडची रीतच ती. चाखलं की उष्टं झालं. गोदूनं अंदाजानं मीठ घातलं, झाकण ठेवलं आणि बाकीच्या कामाला लागली. वाल, वडे, गोड, आळीतल्या बायकांसाठी सगळं दुसऱ्या भांड्यांत. टोपातलं मात्र एकट्या वेणूचं.

बायका आल्या, ओटी भरली, गाणी झाली. वेणू हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली होती, चेहरा उजळलेला. तिनं भाताबरोबर आंबट कालवलं, पहिला घास घेतला आणि जराशी थांबली.

"जरा तुरट लागतंय गो, वयनी."

"चिंच जुनी हाय," चंद्रावती परस्पर म्हणाली. "खा. डोहाळं हायत तुजं."

वेणूनं खाल्लं. दुसऱ्यांदाही वाढून घेतलं.

बायका घरोघर गेल्या आणि थोड्या वेळात वेणूला पहिली उलटी झाली. गरोदर बाईला उलटी, त्यात नवल ते काय! चंद्रावतीनं पाठ चोळली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "जड ज्यावन झालं. आंबटाचं पानी घे चार घोट, बसल पोट." टोपातलंच आंबट गरम करून तिला वाटीभर दिलं. वेणू ते प्यायली आणि मग जी सुरू झाली ती थांबेचना. पोटात मुरडा यायला लागला. तोंड पांढरंफटक पडलं. ती दोन्ही हातांनी पोट धरून बसली आणि एकच बोलली, "आय, मागच्या वक्ताला पन असंच पोट घट्ट झालं व्हतं."

ते ऐकून गोदूनं मिठागरावर निरोप धाडला. भगवान मिठागरावरून धावत आला, दारातूनच बहिणीचं तोंड बघितलं आणि तसाच माघारी पनवेलकडे पळाला, डॉक्टरला आणायला.

शेजारची गंगाबाई आली. म्हातारी, आळीतली सगळी बाळंतपणं तिच्या हाताखालून गेलेली. तिनं वेणूच्या पोटावर हात ठेवला, जीभ बघितली आणि विचारलं, "काय खाल्लंन पोरीनं?"

"निवट्यांचं आंबट."

"कशात केलंव?"

"पितळंच्या टोपात."

"अगो चंद्रा! पितळंत आंबट? कळकलं असंल त्ये. बिनकल्हईच्या पितळंत आंबट टाकलं की हिरवं इख उतरतं त्यात. मानूस मरतं."

"मना काय येवडं कळत नाय का?" चंद्रावती उसळून म्हणाली. "कल्हईचा हाय टोप. आतून पांढरा. कासारानं मना दाखवला, मी हात फिरवून बगितला. कल्हई अजून चार महिनं जाईल म्हनला."

गोदू दाराच्या चौकटीशी उभी होती. हातात पाण्याचा तांब्या होता. ते ऐकलं आणि तिनं तांब्या खाली ठेवला. पांढरं. आतून पांढरं. ती कल्हई होती तर! तो काय मुलामा नव्हता, भोक झाकायला फासलेला रंग नव्हता. खाणाऱ्यांच्या जिवाची राखण होती ती, आणि आपण ती विटेनं खरवडून काढली. आपल्या हातांनी. बोटांची सालटी निघेपर्यंत.

"मग नजरंच हाय," गंगाबाई म्हणाली. आणि बोलता बोलता तिची नजर गोदूवर गेली, सहज गेली असेल, पण गेली. "घरात कुनाची तरी कूस रिकामी असली की असं व्हतं कदी कदी. मी मीठ-मोहऱ्या आनते घरातून. तंवर कोकमाचं सार दे तिला कढत. वांतीवर त्याच्यावानी औषद नाय."

गंगाबाई गेली. गोदू रांधणीघरात आली. तिथं खिडकी नव्हती, दिवसाही अंधारच. तिनं टोपाचं झाकण काढून तो परसदारी उजेडात नेला. आंबटाच्या कडेकडेनं हिरवट रेघ होती, शेवाळासारखी. खाली पिवळंधमक पितळ.

तिला काय वाटलं ते काय सांगू! सांगितलं तर? सांगितलं तर हे घर संपलं. हिनं मुद्दाम केलं, म्हणतील. हिची कूस रिकामी, नणंदेचं पोट हिला बघवलं नाही, म्हणतील. चिरनेरला नेऊन टाकतील आणि बाप मान खाली घालून दारात उभा राहील. आणि न सांगितलं तर? तिच्या डोक्यानं पळवाट शोधली, भ्यालेलं डोकं तेच करतं. तिनं टोपातलं आंबट परसातल्या राखेच्या खड्ड्यात ओतलं, वर राख लोटली, टोप विसळून आत पालथा घातला. "कुत्र्यानं तोंड घातलं, टाकलं मी," असं आतूनच ओरडून सांगितलं. मग सार चुलीवर चढवलं ते आपल्या मडक्यात. आता वेणूला त्या टोपातलं काही मिळणार नाही. पोटातलं निघून जाईल. कुणाला काही कळणार नाही. देवा, एवढं होऊ दे.

सार उकळलं आणि चंद्रावती स्वतः आली. डोळे रडून लाल.

"मडक्यात? आजच्या दिवशी मडक्यात? टोप कुटं हाय?"

"मडक्यात लवकर झालं, आय."

"मडकं हातात फुटलं म्हंजे? टोप जाड हाय. ती घोट घोट पिनार, तिला कढतच पायजे. आन इकडं." आणि गोदूनं हात पुढे करायच्या आत तिनं अंधारातच पालथा टोप उचलला, मडक्यातलं उकळतं सार त्यात ओतलं आणि दोन्ही कडा पदरानं धरून बाहेर गेली.

गोदू तिथंच उभी. कढत आंबट, घासलेल्या पितळेत. बाहेर चंद्रावतीचा आवाज आला, "पी बाय. चार वाट्या घेतल्यास की बरं वाटंल." वाटीचा टोपाला लागून खण्ण आवाज झाला. वेणू कण्हत उठून बसल्याचं ऐकू आलं.

मग गोदू धावली. दार, ओटी, पाट, काही दिसलं नाही तिला. वेणूनं वाटी ओठांना लावली होती. गोदूनं तिच्या हातावर फटका मारला आणि वाटी उडून भिंतीवर आपटली. लाल सार भिंतीवरून खाली ओघळलं.

"नको पिऊ, वेनूबाय! नको! टोपाला कल्हई नाय. मी काढली. मी घासून काढली सगळी!"

गोदू बोलत सुटली, तांब्याची गोष्ट, बापाची गोष्ट, मुलाम्याची, विटेच्या चुऱ्याची, ती हिरवी रेघ, राखेचा खड्डा, सगळं. हुंदक्यांत निम्मं कळलंही नसेल. चंद्रावतीनं टोप उचलून ओटीच्या उजेडात नेला, सार अंगणात ओतलं आणि आत हात घातला. बराच वेळ तिचा हात आतल्या पितळेवरून फिरत राहिला.

मग ती परत आली आणि हात उगारला. गोदूनं डोळे मिटले. मार बसला नाही. डोळे उघडले तर सासू भिंतीला टेकून खाली बसली होती.

"सोन्यासारका कर म्हनून मीच बोलले," ती म्हणाली. "पालथा बगितला आन वाहवा केली. उलटा करून बगायला काय हात मोडलं व्हतं माजं?" आणि मग एकदम खेकसली, "उबी काय ऱ्हायलीस? दूद तापव! तुज्या मडक्यात तापव!"

गोदूनं दूध आणलं. वेणूनं ते हातात घेतलं नाही. तिचे डोळे खोल गेले होते आणि त्या डोळ्यांत भीती होती, गोदूची भीती. आजवर कुणी गोदूला भ्यालं नव्हतं. तिच्यासारख्या गरिबाच्या पोरीला कोण भिणार?

"आधी तू पी," वेणू म्हणाली.

गोदूनं वाटी तोंडाला लावली आणि घोट घेतला. वेणू तिच्या गळ्याकडे बघत राहिली, घोट उतरेपर्यंत. मग तिनं वाटी घेतली.

तेवढ्यात गंगाबाई मीठ-मोहऱ्या घेऊन दारात आली. भिंतीवरचं लाल बघून थबकली. "काय झालं गो?"

आता आळी, गाव, चिरनेर, सगळीकडे जाणार होतं. चंद्रावतीनं वर पाहिलं नाही.

"निवटं खराब व्हतं," ती म्हणाली. "रातचंच व्हतं वाटतं. माजीच चूक, मी घेतलं बगून. तू दृष्ट काढ, गंगाबाय. माजी पन काढ."

डॉक्टर आला तो ऊन कलल्यावर. त्याला मात्र चंद्रावतीनं बाजूला नेऊन खरं ते सांगितलं, टोप आतून दाखवला. त्यानं वेणूला तपासलं, पोटावर नळी लावून कितीतरी वेळ ऐकत बसला. बरं झालं आणखी पोटात गेलं नाही, असं म्हणाला. आंबटाला हात लावायचा नाही, दूध द्या, पेज द्या, आणि बाळ हलतंय का तेवढं बघा. त्याच्या पुढचं त्याला विचारायची कुणाची छाती झाली नाही.

वेणूच्या उलट्या थांबल्या. पोट मात्र दगडासारखं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, चंद्रावती उशाशी. गोदू उंबऱ्याच्या बाहेर, कारण आत ये असं कुणी म्हटलं नव्हतं. तिनं आपल्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं आणि मनात म्हणाली, ते बाळ हललं नाही तर मी खाडीत जाईन. उगाच म्हणाली नव्हती. ओहोटी कधी लागते, चिखल कुठं खोल आहे, सगळं तिच्या मनात येऊन गेलं होतं.

दिवेलागण झाली. चंद्रावती दिवा लावायला उठली, काडी ओढली, आणि मागून वेणू मोठ्यानं रडली. चंद्रावतीच्या हातातून काडी पडली. गोदू उंबऱ्यावरच कोसळली.

"हललं," वेणू रडत म्हणाली. "आय, हललं. लाथ मारली मेल्यानं."

मेल्यानं नव्हे, मेलीनं. मुलगी झाली वेणूला, दिवस भरून, ठणठणीत. शांती नाव ठेवलं. पेज शिजली ती मडक्यातच. टोपाला कल्हईवाला येईपर्यंत चंद्रावतीनं तो माळ्यावर पालथा टाकला होता. कल्हईवाला आला तेव्हा गोदू त्याच्या भात्याशेजारी बसून राहिली, पांढरं कडेपर्यंत चढेपर्यंत हलली नाही. त्यानंतर तो टोप घासायचा तो राखेनं, मऊ हातानं, आणि रांधण्याआधी उजेडात उलटा करून आत बघूनच.

बाळंतपणाच्या दिवसांत पेजेची वाटी आली की वेणू गोदूकडे बघायची आणि गोदू आधी एक घोट घ्यायची. पुढे वेणू बघेनाशी झाली. एकदा तर म्हणालीसुद्धा, "ऱ्हाऊ दे गो वयनी, आता काय त्याचं." पण गोदूचं काही ते सुटलं नाही. वेणू सासरी गेली, गोदूला पोरं झाली, तरी पहिला घास तिचाच. पानं वाढली की सगळे थांबायचे. ती उभ्यानंच भात-कालवणाचा घास तोंडात घालायची, गिळायची, जरा थांबायची, आणि मग म्हणायची, जेवा.

शांती मोठी होऊन आजोळी यायला लागली तेव्हा तिला हे फार आवडायचं. एकदा तिच्याबरोबर तिच्या आईच्या, म्हणजे वेणूच्या सासरच्या दोन बायका आल्या होत्या. पानं वाढलेली आणि सुनेनं आधी घास घेतला हे बघून त्यांच्या भुवया चढल्या. सून आधी जेवते? पाहुण्यांच्या आधी?

"आमच्या आजोळची रीत हाय ती!" शांती ऐटीत म्हणाली. "हाय ना गो आजी?"

गोदूचा घास तोंडातच राहिला. तिनं सासूकडे पाहिलं. चंद्रावती आता म्हातारी झाली होती, दिसत कमी होतं, पण त्या वेळी तिनं बरोबर गोदूच्या दिशेनं तोंड फिरवलं.

"व्हय," ती म्हणाली. "माज्या सासूनं घालून दिलेली. लय जुनी हाय."

गोदूनं घास गिळला. थोडी थांबली. मग म्हणाली, "जेवा."